आखाजीच्या आत बोटीचा जॅक: सावद्याहून पांझरेच्या धरणापर्यंत

"तू जा," आबा म्हणाले. मी म्हटलं, मी एकटा? त्यांच्या डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी होती आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाकायला मनाई केली होती, त्यामुळे प्रश्नात अर्थ नव्हता. तरी मी तो आणखी दोनदा विचारला.

सावद्यात आबांचं ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करायचं गॅरेज आहे. अकरावी अर्धी सोडल्यापासून, म्हणजे सात वर्षं, मी तिथे काम करतो. ट्रॅक्टरची ट्रॉली पुढून उचलून माती मागे सांडवणारा तो जाड दांडा तेलाच्या दाबावर चालतो. तो गळायला लागला की लोक आमच्याकडे येतात. बोट आमच्याकडे कधीच आली नव्हती. पण आबांच्या बायकोचे भाऊ, म्हणजे नाना, धुळ्याच्या पुढे पांझरेच्या धरणात एक जुनी फायबरची बोट चालवतात. तिच्या मागे बाहेरून टांगलेली चाळीस घोड्यांची मोटार आहे. उथळ पाण्यात मोटारीचा पंखा खडकाला लागू नये म्हणून ती वर उचलायला लागते, आणि उचलायला तिथेही असाच एक जॅक आहे. तो जॅक आता मोटार उचलत नव्हता.

नानांची घाई आखाजीसाठी होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि त्या सणाला लेकी माहेरी येतात. धरणाच्या पलीकडच्या काठावर पंधरा-वीस घरांचा एक पाडा आहे. रस्त्याने तिथे जायचं तर धरणाला मोठा वळसा घालून शेवटचं अंतर उन्हात पायी. त्यामुळे पाड्याच्या लेकी आदल्या दिवशी तीनच्या एसटीने अलीकडच्या गावात उतरतात आणि नाना त्यांना बोटीने माहेरी पोचवतात. त्याचं भाडं ते घेत नाहीत, त्यांच्या वडिलांनी होडी चालवली तेव्हाही घेत नव्हते. उन्हाळ्यात धरण उतरलेलं असतं, जागोजागी खडक वर आलेले असतात. आधी जॅक अडला की नाना खांद्यावर दोर घेऊन मोटार उचलायचे, पण यंदा खांदा धरला होता. जॅक झाला नाही तर लेकी येणार नाहीत आणि नाना मोटार विकून टाकणार, असं आबांनी मला सांगितलं. आणि मग शांतपणे चहा प्यायले.

माझ्या हातात तीन दिवस होते.

पहिला दिवस

सकाळी सहाच्या गाडीने सावद्याहून भुसावळ, तिथून जळगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी असेपर्यंत खिडकीतून येणारा वारा जरा गार लागतो. भुसावळ सोडलं की तो गारवा संपतो. तुम्ही एप्रिल-मेमध्ये या बाजूला फिरणार असाल तर दहाच्या आत जितकं अंतर कापता येईल तितकं कापा. डोक्याला ओला पंचा आणि बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, याला पर्याय नाही.

माझ्या पिशवीत पाने, रबरी ओ-रिंगांचा डबा, पांढरी फडकी, कायमच्या शाईचं पेन आणि वही होती. जळगाव स्टँडवर मी पिशवी उघडून सगळं मोजलं. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा परत मोजलं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं की काही हरवलं का. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या की मग जेव्हा हरवेल तेव्हा मोजा, आणि मला अर्धं कलिंगड कापून दिलं. पारोळ्यापर्यंत आम्ही ते खाल्लं. जळगाव ते धुळे रस्ता आता बराच चांगला आहे, दोन-सव्वादोन तास लागतात.

धुळे स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग होत नाही. तिथून साक्रीच्या गाडीने नेरच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. फाट्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नानांनी तशी अट घातली आहे. नाव छापलं की रविवारी लोक फेरी मारायला येतील आणि सेल्फीसाठी एकाच बाजूला उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं.

नाना मोटारसायकल घेऊन आले होते. साठीचे, बारीक, उजवा हात छातीशी धरलेला. मला वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, "आबा कोठे शे?" मी डोळ्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मोटारसायकलला किक मारली.

बोट काठावर ओढून बाभळीखाली ठेवली होती. बोटीत नानांची मोठी बहीण बसून जाळं शिवत होती. त्यांना सगळे अक्का म्हणतात. नाना सुकाणू धरतात आणि अक्का पुढे बांबू घेऊन उभ्या राहतात, अशी या बोटीची व्यवस्था आहे. अक्कांनी विचारलं की मी आजवर किती बोटी दुरुस्त केल्या. मी खरं सांगितलं. त्या नानांना म्हणाल्या, "चला, पोऱ्या खोटं तरी बोलत नही."

मोटार बाभळीच्या फांदीला दोराने बांधून घेतली आणि जॅकच्या दोन पिना काढल्या. एक लगेच निघाली, दुसरीला संध्याकाळ झाली. जॅकच्या नळीच्या टोपणावर पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती आणि ते फिरवायला दोन खुंट्यांचा पाना लागतो, तो माझ्याकडे नव्हता. गावातल्या वेल्डरकडे जाऊन पट्टीवर दोन बोल्ट डागून घेतले. टोपण निघालं तेव्हा आतून तेल आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. म्हणजे आत पाणी शिरलं होतं. खालचं सील फाटलं होतं, वरचं अजून शाबूत होतं.

नळीच्या आत जो दट्ट्या सरकतो त्यावर दोन खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत एकेक रबरी सील. अशा सीलला एका बाजूने तोंड असतं; ज्या बाजूने तेलाचा दाब येतो त्या बाजूला तोंड ठेवायचं, म्हणजे दाबाने ते फुलून नळीला चिकटतं. मी काही काढण्याआधी नेहमी चित्र काढतो. या दट्ट्यावरच्या दोन सीलांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध होती, एकाचं खाली, एकाचं वर. मी तसं चित्र काढलं आणि शेजारी लाल शाईने लिहिलं: "वरचं उलटं. आधीच्या मेकॅनिकची चूक."

अक्कांनी कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. वरून कच्चं तेल. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली; या बाजूला आलात आणि हॉटेलातच जेवून गेलात तर नुकसान तुमचं.

दुसरा दिवस

सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला गेलो. आग्रा रोडच्या मागच्या गल्ल्यांत सील-बेअरिंगची दुकानं आहेत, पण ती दहाशिवाय उघडत नाहीत. मी साडेआठपासून एका बंद शटरसमोर उभा होतो. तुम्हाला असं काही काम असेल तर जुना नमुना सोबत न्या आणि नळीचं माप व्हर्नियरने घेऊन कागदावर लिहा. तोंडी माप कोणी धरत नाही. तिसऱ्या दुकानात सील मिळालं. मी चार घेतली. लागणार दोनच होती, पण मी नेहमी दुप्पट घेतो. गाडीभाडं, ही सीलं, तेल आणि बाहेरचं जेवण धरून सगळ्या प्रवासाचा खर्च दोन हजाराच्या आत बसला.

दुपारी बाभळीखाली कामाला बसलो. नळी आतून गुळगुळीत होती, हे नशीब. दट्ट्या रॉकेलने धुतला, दोन्ही सीलं बसवली, दोन्हींची तोंडं खाली. आमच्याकडे सात वर्षांत मी जितके जॅक उघडले त्या सगळ्यांत तोंड खालीच असतं, कारण तेल खालून येतं आणि वजन वर उचलतं. मला त्या आधीच्या मेकॅनिकचा रागही आला. एवढं साधं कळू नये.

जॅक जागेवर बसवून नवीन तेल भरलं, बटण दाबून जॅक दहा-बारा वेळा वर-खाली केला, बुडबुडे येणं थांबलं. मग मोटार पूर्ण वर घेतली आणि दांड्यावर पेनाने बारीक रेघ ओढली. एका तासाने पाहिलं, रेघ जागेवर. दोन तासांनी पाहिलं, जागेवर. मध्येही किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. नाना दोन्ही वेळा येऊन उभे राहिले आणि दुसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने माझ्या खांद्यावर थाप मारली. संध्याकाळी त्यांनी पलीकडच्या पाड्यावर फोन करून सांगितलं की पोरींना कळवून टाका, बोट येणार.

मला खरं तर ते थांबवायचं होतं. बोट अजून पाण्यात गेली नव्हती. पण थाप नुकतीच मिळाली होती, मी बोललो नाही.

तिसरा दिवस

सकाळी आठला बोट पाण्यात ढकलली. धरणाचं पाणी खूप आत गेलेलं, काठावर भेगाळलेला चिखल, आणि मधूनच बुडालेल्या जुन्या गावाच्या विहिरीचा कठडा वर आलेला. तरी पाण्यावर गेल्यावर हवा बदलते. बगळे, पाणकावळे, लांब पवनचक्क्या. फोटो काढायला हीच वेळ. नऊनंतर नुसती चमक दिसते. मी एकही काढला नाही, मी पूर्ण वेळ जॅककडे पाहत होतो.

खडकांपाशी नानांनी बटण दाबलं, मोटार वर आली. खोल पाणी आलं, मोटार खाली गेली. अक्का पुढून मागे न बघता म्हणाल्या की सावद्याच्या केळीवाल्यांचा पोऱ्या कामाचा निघाला.

पलीकडे उतरायची जागा म्हणजे एक सपाट खडक. बोटीला ब्रेक नसतो. जवळ गेलं की इंजिन उलट्या गिअरमध्ये टाकायचं, पंखा मागे ओढतो आणि बोट थांबते. नानांनी तसंच केलं. आणि मोटारीची शेपटी उसळून पाण्याबाहेर आली. पंखा हवेत, इंजिन ओरडायला लागलं, बोट तशीच पुढे. अक्कांनी बांबू खडकाला टेकवला. तो मोडला. बोट खडकावर आदळली आणि अक्का गुडघ्यांवर पडल्या.

नानांनी इंजिन बंद केलं. मी अक्कांकडे गेलो. गुडघा खरचटला होता, दोन बांगड्या फुटल्या होत्या. बोटीच्या नाकाचा तळहाताएवढा टवका निघाला होता. त्या उठल्या, बांबूचा तुकडा पाण्यातून उचलला आणि बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, बोट जुनी आहे, कदाचित मोटार टांगायचं ब्रॅकेट ढिलं असेल. हे वाक्य मी खरंच बोललो.

नाना म्हणाले, "आधी उचलत नव्हती. पन मांगे लेताना आशी कधी उसळनी नही."

आम्ही हळूहळू परत निघालो, उलटा गिअर न लावता. अर्ध्या पाण्यात आल्यावर नानांनी मला विचारलं की ट्रॉली वर गेल्यावर खाली कशी येते. मी सांगितलं, तेल सोडलं की स्वतःच्या वजनाने येते.

"ट्रॉलीले खाले तिनं वजन आनस," ते म्हणाले. "पंखा मांगे ओढस तवय हाई मोटारले खाले कोन धरस?"

मी वही काढली. पहिल्या दिवशीचं चित्र तिथे होतं, दोन सीलं, दोन दिशांना तोंडं. एक मोटार उचलून धरायला. दुसरं, उलट्या गिअरमध्ये तिला उसळू न देता खाली धरायला. ट्रॉलीला कोणी खाली धरत नाही, म्हणून आमच्या हाताला दुसऱ्या तोंडाची सवयच नाही. आधीच्या मेकॅनिकने बरोबर बसवलं होतं. मी ते सुधारलं होतं.

नाना मराठी वाचतात की नाही हे मला माहीत नव्हतं. वही खिशात घालून, सील कमजोर निघालं म्हणून सांगता आलं असतं. माझ्याकडे दोन जास्तीची होती, कुणाला कळलं नसतं. मी लाल शाईचं पान नानांसमोर धरलं आणि म्हणालो, नाना, बरोबर होतं ते मी उलटं केलं. ब्रॅकेटला काही झालेलं नाही.

त्यांनी पान सावकाश वाचलं, दोनदा. मग वही अक्कांकडे दिली. अक्कांना वाचता येत नाही, त्यांनी नुसतं चित्र पाहिलं.

"तीनची गाडी," नाना म्हणाले. "व्हई का?"

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजत आले होते. मी म्हटलं, होईल, पण या वेळी उलटा गिअर लावून पाहिल्याशिवाय एकही बाई बोटीत बसणार नाही. नानांनी मान हलवली.

काठाला लागल्यावर जॅक पुन्हा बाहेर काढला. दोराची गाठ, पिना, टोपण. टोपण या वेळी सहज फिरलं, पण माझे हात थरथरत होते आणि वरचं सील काढताना त्याच्या तोंडाला पान्याची चीर पडली. जास्तीच्या दोनातलं एक काढलं. ते खाचेत घालणार इतक्यात अक्का लंगडत आल्या, भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन. मी म्हटलं, नंतर. त्या म्हणाल्या, "खाली पोटे हात थरथरतस. आधी जेव, मंग उलटं का सुलटं ते ठरव." नाना हसले. त्या दिवशीचं पहिलं हसू ते. मी जेवलो.

साडेबारापर्यंत जॅक जागेवर होता. तेल भरून हवा काढायला आणखी एक तास. मग मी ट्रॉलीवाल्याची रेघ ओढली नाही. बोट पाण्यात घेतली, मागचा दोर काठावरच्या बाभळीला बांधला आणि पुढचा एका खडकाला, ती जागची हलू नये म्हणून. नानांना म्हटलं, आता उलटा गिअर, आणि इंजिन वाढवत न्या. पंख्याने चिखल ढवळून निघाला, खडकाकडचा दोर ताणला. मी पालथा पडून दांड्यावर हात ठेवला होता. दांडा गरम होता, पण हलला नाही. आणखी वाढवा म्हटलं. नाही हलला. पाच वेळा केलं. सहाव्यांदा सांगितलं तेव्हा नाना म्हणाले की पेट्रोल पोरींसाठी ठेवू दे.

एसटी पाऊण तास उशिरा आली. सहा लेकी उतरल्या, दोघींच्या कडेवर मुलं, पिशव्या, एकीच्या हातात पिंजऱ्यात पोपट. बोटीत बसायच्या आधीच त्यांची गाणी सुरू झाली होती. पहिल्या खेपेला तिघी. मी मागे जॅकपाशी बसलो. तो खडक जवळ यायला लागला तेव्हा पाड्याची माणसं काठावर उतरली होती, एक म्हातारी तर गुडघाभर पाण्यात. अक्का नवा बांबू घेऊन पुढे उभ्या होत्या. नानांनी उलटा गिअर टाकला. पाणी मागे उसळलं, मोटार खाली बसून राहिली, आणि बोट खडकाच्या हातभर अलीकडे थांबली. म्हातारीने बोटीचा काठ धरला आणि थेट लेकीचं तोंड चाचपायला लागली.

मला त्या वेळी आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. मी दांड्यावर पांढरं फडकं फिरवून तेल येतं का ते पाहत होतो.

परत

आखाजीच्या दिवशी सकाळी निघालो. नानांनी आग्रह केला, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं आमिषही दाखवलं, पण माझं मन तिथे थांबेना आणि इथे यायलाही तयार नव्हतं. सणामुळे गाड्या कमी होत्या. तुम्ही या दिवसांत जाणार असाल तर परतीची सोय आधी बघा. धुळ्यात दीड तास बसलो, जळगावला उभ्याने आलो. एरंडोलला पिशवी उघडली, मोजायला काही नव्हतं असं नाही, पण न मोजता बंद केली.

आबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एका डोळ्याने वहीचं पान पाहिलं आणि म्हणाले की मीही तसंच फिरवलं असतं. ते मला धीर देत होते हे कळलं, पण त्याने जास्तच अस्वस्थ वाटलं. म्हणजे दोघांपैकी कोणीही गेलं असतं तरी बोट खडकावर गेलीच असती. तेव्हापासून नव्या प्रकारचं काही समोर आलं की मी आधी माणसाला विचारतो, हे कशाला धरतं, आणि कोणत्या बाजूने. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. गॅरेजात माझं काम थोडं मंद झालं आहे.

मी रोज नानांना फोन करायचं टाळत होतो. पाचव्या दिवशी त्यांनीच केला. मी नमस्काराच्या आधी विचारलं, दांडा पुसून पाहिला का. त्यांनी सांगितलं, कोरडा आहे. अक्कांचा गुडघा? बरा आहे, बोटीच्या नाकाला फायबरचं ठिगळ लावलं आहे. मग ते लेकी परत गेल्या त्या दिवसाचं सांगायला लागले. ती पाण्यात उभी राहिलेली म्हातारी, तिची लेक शेवटच्या खेपेला होती. बोट सुटली आणि म्हातारीने काठावरून हाक मारली, काहीतरी द्यायचं राहिलं. नानांनी उलटा गिअर टाकून बोट मागे काठाला लावली. लोणच्याची बरणी घेतली, सुटले. पुन्हा हाक आली, पुन्हा मागे. या वेळी द्यायचं काहीच नव्हतं, म्हातारी नुसतीच लेकीच्या गळ्यात पडली.

"तिसऱ्या येळे," नाना म्हणाले, "माय सवताच बोटमा येई बसनी. पोरले यष्टीमा बसाडीसनच वापस गई."